नकाशात नदी सगळ्यात शेवटी काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण लेखकाने आपल्या अद्भुतरम्य कादंबरीसाठी नकाशा काढलाय. त्यात शाल्वी नावाची महानदी आहे, लांबी तीन हजार किलोमीटर. उत्तरेच्या बर्फाळ डोंगरातून ती निघते, वाळवंट ओलांडते, वाटेत तिला तीन उपनद्या मिळतात. पुढे पठारावर तिचे दोन फाटे होतात. एक पूर्वसमुद्राला मिळतो, दुसरा पश्चिमसमुद्राला. पूर्वेच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात, उंच कड्यावर वज्रकोट ही राजधानी. राजाचं आरमार मुखापासून उगमापर्यंत आठ दिवसांत पोचतं. आकाशात दोन चंद्र. त्याचं विचारणं असं, की यात भूगोलाच्या चुका आहेत का, आणि असल्या तरी जादूच्या जगात त्या चालून जातील ना?

चुका आहेत. चालून जातील का, ते चूक कुठल्या जातीची आहे त्यावर ठरेल. ड्रॅगन उडतो हे वाचक पहिल्याच पानावर मान्य करून टाकतो, कारण ड्रॅगन त्याने कधी पाहिलेला नसतो. पाणी तो रोज पाहतो. ते चढावर गेलं की त्याला खटकतं, का खटकलं ते सांगता आलं नाही तरी. जादूने नदी उलटी वाहत असेल तर खुशाल वाहू द्या. फक्त तुमच्या कथेतल्या माणसांनाही त्याचं नवल वाटलं पाहिजे. त्यांना नवल वाटत नसेल, तर ती लेखकाची नजरचूक आहे हे वाचक ओळखतो.

मी तीस-बत्तीस वर्षं नद्यांची पातळी आणि विसर्ग मोजण्यात घालवली, बहुतेक कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यात. तुमचा नकाशा उघडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते हे, की नदी तुम्ही आधी काढली आहे आणि डोंगर तिच्या कडेने नंतर बसवलेत. उलटं करा. आधी उंचसखलपणा ठरवा, मग वारा कुठल्या समुद्रावरून येतो ते, मग पाऊस कुठे पडतो ते. एवढं झालं की नदीला फारशी निवड उरत नाही, ती आपोआप उमटते.

समुद्र जवळ कुठला, याला नदी विचारत नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, कारण दख्खनचं पठार तिकडे कललेलं आहे. कृष्णेचंही तेच. आणि पाऊस म्हणाल तर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पलीकडच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! तुमच्या उत्तरेच्या डोंगराची कुठली बाजू ओली आणि कुठली कोरडी, हे ठरवलंत की वाळवंट कुठे हवं हेही त्यातच ठरेल. सध्या तुमचं वाळवंट डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला आहे. ते पलीकडे सरकवा.

आता दोन समुद्रांचं बघू. नकाशातली सगळ्यात मोठी अडचण हीच आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्टही हीच.

उताराला नद्या एकमेकींना मिळत जातात, फुटत नाहीत. समजा पठारावर पाण्याला दोन वाटा मिळाल्या. दोन्हींचा उतार तंतोतंत सारखा असणं जवळजवळ अशक्य. जी वाट तसूभर जास्त उताराची असेल तिच्यातलं पाणी जास्त वेगाने जातं, वेग जास्त म्हणून तळ जास्त खरवडला जातो, तळ खोल गेला म्हणून आणखी पाणी तिकडे वळतं. हे चक्र एकदा सुरू झालं की दुसरा फाटा गाळाने भरतो आणि त्यात बाभळी उगवतात. मुखाजवळच्या सपाटीवर नदी फुटते ते वेगळं. तिथे उतारच संपलेला असतो, आणि ते सगळे फाटे जातात एकाच समुद्राला.

तुम्ही म्हणाल, महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात एकाच गोमुखातून कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री निघतात ना? त्यातली सावित्री कोकणात उतरून बाणकोटला अरबी समुद्रात जाते, कृष्णा पूर्वेला. श्रद्धेने पाहिलं तर हो. पण डोंगरावर चालून बघा, सावित्रीचं पाणी कड्याच्या पश्चिमेला पडलेल्या पावसाचं आहे आणि कृष्णेचं पूर्वेला पडलेल्या. मधली धार वावभर रुंद असेल, पण ती आहे. मात्र तुमच्या कादंबरीला ही गोष्ट सोन्यासारखी आहे. शाल्वी फुटते असं नका दाखवू. एकाच डोंगरमाथ्यावरून दोन नद्या दोन समुद्रांना जातात आणि तिथलं देऊळ म्हणतं की त्या एकच आहेत, असं दाखवा. मग पूर्वेचं राज्य आणि पश्चिमेचं राज्य त्या देवळावरून भांडू शकतात.

तरीही नदी फुटलेलीच हवी असेल तर जगात दोन नमुने आहेत, त्यांचा आधार घ्या. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीचं काही पाणी कासिकियारे नावाच्या फाट्याने निघून रिओ नेग्रोला आणि तिथून अ‍ॅमेझॉनला जातं. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट १८०० साली त्या फाट्यातून गेला आणि त्याने तो जगापुढे मांडला. हे जमतं कारण तिथली जमीन परातीसारखी सपाट आणि भोवती दाट जंगल आहे. तुमच्या खडकाळ पठारावर ते शोभणार नाही.

दुसरा नमुना तुमच्या कामाचा. जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदी आपल्याच पात्रात बुडते. खाली चुनखडीचा दगड आहे, त्यात भेगा आणि भुयारं आहेत. वर्षातले कितीतरी दिवस तिथलं पात्र पूर्ण कोरडं पडतं, लोक त्यातल्या गोट्यांवरून चालत जातात. ते बुडालेलं पाणी काही किलोमीटर दक्षिणेला आख नावाच्या झऱ्यातून वर येतं आणि ऱ्हाइनला मिळतं. म्हणजे एकाच नदीचं काही पाणी काळ्या समुद्राला आणि काही उत्तर समुद्राला! तुमचं पठार चुनखडीचं करून टाका. मग एका राज्यातले लोक रात्री जाऊन विवराच्या तोंडावर शिळा लोटतील, म्हणजे पाणी आपल्याकडे वळेल, आणि पलीकडच्यांना झरा का आटला ते कळायला कित्येक पावसाळे जातील. तुम्ही नुसत्या दोन रेघा मारून ही गोष्ट वाया घालवली होती.

वाळवंटाबद्दल फार लिहीत नाही, कारण दुरुस्ती सोपी आहे. वाळवंटात मिळणाऱ्या तिन्ही उपनद्या खोडा. त्यांना पाणी देणार कोण? नाईलला अटबारा मिळाल्यानंतर थेट भूमध्य समुद्रापर्यंत बारमाही अशी एकही उपनदी मिळत नाही. वाळवंटातली नदी पुढे जाताना रोडावते. दक्षिण सुदानच्या सुद नावाच्या दलदलीत पांढऱ्या नाईलचं जवळजवळ निम्मं पाणी वाफ होऊन जातं. कल्पनेला आणखी खाद्य हवं असेल तर बोट्स्वानातली ओकावांगो बघा. ती समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात पसरते आणि जिरते. शिवाय तिचा पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टच्या सुमारास, कारण पाऊस पडलेला असतो दूर अंगोलात, कित्येक महिने आधी. आकाश निरभ्र, जमीन भेगाळलेली आणि समोरून पाणी सरकत येतंय. याला चमत्कार म्हणणारा एखादा पुरोहित तुमच्या कथेत असायलाच हवा. आणि वरच्या अंगाला पाऊस कधी झाला याचा गुपचूप हिशेब ठेवणारा त्याचा एक शिष्यही.

वज्रकोट मात्र तिथे उभा राहणार नाही. त्रिभुज प्रदेश म्हणजे नदीने आणून टाकलेला गाळ. तिथे दगड मिळत नाही, मग कडा कुठून येणार? विहीर खणली तर वीत-वीतभर चिकणमाती आणि वाळूचे थर लागतात. किल्ला बांधायचा तर दगड शेकडो कोसांवरून आणावा लागेल आणि बांधल्यावर तो खचेल. कडा हवा असेल तर त्रिभुज प्रदेश सोडा आणि खाडी घ्या. कोकणात शास्त्री नदीच्या मुखावर जयगड आहे, तसा. डोंगर थेट पाण्यापर्यंत आलेला, आत शिरायला एकच वाट, आणि तिच्यावर तोफांचा मारा. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. त्यांच्या मुखाशी खाड्या झाल्या, गोदावरी-कृष्णेसारखे त्रिभुज प्रदेश नाहीत. तुमच्या पश्चिमसमुद्राच्या बाजूला डोंगर जवळ आहेत, वज्रकोट तिकडे न्या.

किंवा राजधानी सपाटीवरच ठेवा, पण मुखाशी ठेवू नका. फाटे फुटायला लागतात त्या शेंड्यावर ठेवा, कैरो आहे तशी. तिथे बसणाऱ्याच्या हातात सगळ्या फाट्यांची वाहतूक राहते. एवढं लक्षात असू द्या, की सपाटीवर नदी जागा सोडते. चीनची पीत नदी १८५५ साली बांध फोडून निघाली आणि शांतुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेला मिळायची ती उत्तरेला जाऊन मिळाली. तिच्यात गाळ इतका, की खालच्या टप्प्यात तिचा तळ आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच झालाय. माणसं बांध उंच करतात, ती गाळ टाकून तळ उंच करते, माणसं पुन्हा बांध वाढवतात. आपल्याकडे बिहारमधल्या कोसीचं तेच. दोन-अडीचशे वर्षांत ती शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला सरकली, आणि १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहाला बांध फोडून एका झटक्यात पुन्हा पूर्वेच्या जुन्या वाटेने निघाली. लोकांनी त्या वाटेवर गावं वसवली होती. तुमच्या नकाशात वज्रकोटच्या जवळ एक कोरडं, वळणदार जुनं पात्र दाखवा. काठावर ओस पडलेला घाट, पायऱ्या उतरून खाली गेलं की पाणी नाही, ज्वारी. शंभर पानांच्या इतिहासापेक्षा ते जास्त बोलेल.

आरमाराचा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहिला असता तर बरं झालं असतं. आठ दिवसांत तीन हजार म्हणजे रोज पावणेचारशे किलोमीटर, तेही प्रवाहाच्या विरुद्ध! मैदानातली नदी उन्हाळ्यात माणसाच्या चालीपेक्षा सावकाश असते. प्रवाहाबरोबर सोडलेली नाव दिवसाउजेडी तीस-चाळीस किलोमीटर गेली तरी पुष्कळ. उलट जायचं तर वल्ही, शीड, किंवा काठावरून दोर ओढणारी माणसं आणि बैल. नाईलवर निसर्गानेच सोय करून ठेवलीय. वारा बहुतेक उत्तरेकडून, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो. जाताना शीड, येताना प्रवाह. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणं म्हणजे शीड उभारलेली नाव, आणि उत्तरेला जाणं म्हणजे शीड उतरवलेली नाव. असा एखादा वारा शाल्वीलाही द्या, पण मग तो बंद पडतो तो महिना कोणता तेही ठरवा. शत्रू त्याच महिन्यात येईल.

आणि उगमापर्यंत आरमार? नदी सारख्या उताराने उतरत नाही. कृष्णा सुमारे १,३०० मीटरवर उगम पावते आणि वाईला येईपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी उंची संपलेली असते, तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये. उरलेली निम्मी ती पुढच्या तेराशेहून जास्त किलोमीटरमध्ये पुरवून वापरते. उलट पेरूमधलं इकितोस शहर समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटर आत, पण अ‍ॅमेझॉनची तिथली उंची शंभर मीटरच्या आसपास, म्हणून समुद्रातली जहाजं तिथवर जातात. तेव्हा शाल्वीवर एक जागा ठरवा, जिथे जहाजं थांबतात. खडक येतो, पाणी उसळतं, माल उतरवून बैलांच्या पाठीवर लादावा लागतो. नाईलवर अस्वान हे असंच ठिकाण. तिथे पहिला प्रपात लागतो आणि जुन्या इजिप्तची दक्षिण सीमा कित्येक शतकं तिथेच होती. अशा जागी हमालांची वस्ती होते, जकात बसते, तिथली बोली वेगळी होते. मला विचाराल तर तुमच्या कादंबरीची सुरुवात वज्रकोटच्या दरबारापेक्षा इथून करा.

दोन चंद्रांमुळे नदीचं वरचं अंग बदलणार नाही, खाडी बदलेल. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आणि अष्टमीला भांगाची, हे कोळ्याचं पोरही सांगतं. दोन चंद्र असतील तर दोघे कधी एका रेषेत येतील, कधी काटकोनात, आणि भरतीचं पंचांग इतकं गुंतागुंतीचं होईल की ते मांडणाऱ्याला दर्यावर्दी लोक देवासारखं मानतील. एवढं पुरे.

पुराबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून थोडं जास्त लिहितो. पूर म्हणजे भिंतीसारखी लाट येते अशी कल्पना बऱ्याच कथांत असते. डोंगरी ओढ्यात तसं होतं. मोठ्या नदीत पाणी चढतं ते बोट-बोट. एका ऑगस्टमध्ये मी नदीकाठच्या मोजणी-चौकीवर रात्रपाळीला होतो. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या पट्टीवर दर तासाला कंदील धरून आकडा वाचायचा आणि शिसपेन्सिलीने लिहायचा, शाई पावसात पसरते म्हणून. गावातले एक म्हातारे नावाडी शेजारी पोतं पांघरून बसले होते. त्यांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली होती. मधूनच उठून काडीकडे बघायचे आणि पुन्हा बसायचे. पहाटे तीनच्या सुमाराला माझी पट्टी अजून तोच आकडा दाखवत होती, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, उतराय लागलं." मी विचारलं, कशावरून? काडीला लागलेला फेस त्यांनी दाखवला. फेस काडीवर चिकटून राहिला होता आणि पाणी त्याच्या केसभर खाली होतं. चढत्या पाण्यात फेस वर-वर सरकत जातो, काडीवर ओली रेघ राहत नाही. पुढच्या तासाला पट्टीवर एक सेंटिमीटर कमी आलं.

तेव्हा शाल्वीच्या पुराला वेळ द्या. वरचा पाऊस तीन हजार किलोमीटर खाली पोचायला महिना लागू शकतो. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग काटक्या आणि फेस, मग वरच्या गावांतल्या वस्तू येतात. पहिल्या लाल पाण्याबरोबर मासे उलट चढू लागतात. आपल्याकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. आणि पूर नेहमी समोरूनच येतो असंही नाही. कोल्हापूर-सांगलीकडे विचारा. कृष्णा तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या पंचगंगा नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा धरतं, आणि गावात पाणी शिरतं ते मागच्या दाराने. शाल्वीच्या उपनदीवर एखादं शहर आहे का? मग त्याला हा फुगवटा द्या.

शेवटचं, नावाचं. उगमापासून मुखापर्यंत सगळे तिला शाल्वीच म्हणतात, हे मला पटलं नाही. तिबेटात त्सांगपो, अरुणाचलात सियांग, आसामात ब्रह्मपुत्रा, बांगलादेशात जमुना, पाणी एकच. ही एकच नदी आहे का, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत नकाशे करणाऱ्यांना नक्की ठाऊक नव्हतं, कारण मधल्या घळीतून कोणी गेलं नव्हतं. १८८० साली किंथुप नावाच्या माणसाला त्या कामावर पाठवलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. बरोबरच्या लामाने त्याला वाटेत गुलाम म्हणून विकून टाकलं. तो निसटला, एका मठाच्या आश्रयाला राहिला आणि तरी काम सोडलं नाही. पाचशे ओंडके तयार केले, त्यांवर खूण केली, आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास असे नदीत सोडले. खाली कोणी नजर ठेवलेलीच नव्हती, कारण त्याचं पत्र वेळेत पोचलं नव्हतं. ओंडके वाहून गेले.

आपल्याकडेही गोदाकाठचा माणूस पूर आला की "गंगेला पाणी आलं" म्हणतो, आणि पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा होते. काठालाही नाव असतं. भीमेच्या थडीवर पैदास झालेली ती भीमथडी तट्टं, मराठ्यांच्या घोडदळातली. तेव्हा शाल्वीला निदान चार नावं द्या. आणि कुठली मुख्य, कुठली उपनदी, हे राजाच्या दरबारात ठरू द्या. मिसूरी मिसिसिपीपेक्षा लांब आहे आणि ओहायो संगमावर जास्त पाणी आणते, तरी नाव मिसिसिपीचंच चाललं.

सुधारलेला नकाशा पाठवाल तेव्हा त्यावर पावसाचे आकडे घाला आणि चैत्रात माणसं नदी पायी कुठे ओलांडतात त्या उतारांच्या जागा दाखवा. पूल नंतर बघू.